बापाचा कोटा

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका ३३ वर्षांच्या, मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, क्वालिटी विभागात नऊ वर्षं नोकरी. राहायला मोशीला. पाचवा महिना चालू आहे, पहिलंच बाळंतपण, आणि त्यासाठी कराडजवळच्या माहेरी जायचं ठरलं आहे. मॅनेजरच्या जागांवर बायका वाढाव्यात म्हणून कंपनीने दोन वर्षांपूर्वी दरवर्षीच्या बढत्यांतल्या काही जागा बायकांसाठी धरायला सुरुवात केली. यंदा त्यातली एक यांना मिळाली. रोज एका टेबलावर डबा खाणारा, यांच्याहून एक वर्ष सीनियर असलेला सहकारी राहून गेला. कँटीनमध्ये कोणीतरी म्हणालं, "कोट्यातून मिळालं, आणि आता सहा महिने रजा. बसायच्या आधीच खुर्ची रिकामी." ते कानावर आल्यापासून यांची झोप उडाली आहे. बढती त्या सहकाऱ्याला द्या असं एचआरला सांगावं आणि आपण बाळंतपणानंतर "स्वतःच्या जोरावर" मिळवावी, असं मनात घोळतंय. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "मिस्टरांच्या कंपनीत आठ आठवडे पितृत्व रजा मिळते, पण ते एकच आठवडा घेणार आहेत. टीममध्ये बरं दिसत नाही, आणि तसंही आई आणि सासूबाई दोघी आहेतच."

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमची घालमेल पोचली. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की चार पानं बढतीवर आहेत आणि मिस्टरांच्या रजेवर एक ओळ. मला वाटतं, तुमच्या दुखण्याचं मूळ त्या एका ओळीत आहे. तिथे मी येणारच आहे. पण झोप बढतीने उडवली आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलू.

बढती नाकारू नका. बाकी सगळं तुम्हाला पटो न पटो, एवढं ऐका.

"स्वतःच्या जोरावर" हे शब्द तुमच्या पत्रात तीनदा आले आहेत. त्याच पत्रात तुम्ही असंही लिहिलं आहे की गेली तीन वर्षं अप्रेझलमध्ये तुम्हाला वरचा शेरा आहे, मोठ्या ग्राहकाचं ऑडिट तुम्ही एकटीने निभावलंत आणि वेल्डिंग लाइनवरचं रिजेक्शन तुमच्या टीमने आटोक्यात आणलं. हे सगळं तुम्ही जाता जाता, दुसऱ्या कोणाबद्दल लिहावं तसं लिहून गेलात. मग तो जोर कोणाचा होता? कंपनीने बायकांसाठी जागा धरली हे खरं, पण त्या जागेवर कोणाला बसवायचं हे ठरवताना तुमची नऊ वर्षं कोणीतरी पाहिलीच ना? जागा राखीव होती, काम तुमचं होतं. कँटीनमधल्या एका वाक्याने त्यातलं दुसरं पुसून टाकलं आणि तुम्ही ते पुसू दिलंत.

सहकाऱ्याबद्दल तुम्ही म्हणता, "त्याला लाइनची जाण माझ्यापेक्षा जास्त आहे." असेलही. ती कुठून आली हेही तुम्हीच लिहिलं आहे: पहिली चार-पाच वर्षं त्याने रात्रपाळ्या केल्या आणि तुम्हाला जनरल शिफ्टमध्ये ठेवलं गेलं. यामागे मोठा इतिहास आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने बायकांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत कारखान्यात कामाला ठेवायला मनाई केली होती. हेतू संरक्षणाचा होता. पुढे महाराष्ट्रात अटी घालून ती बंदी सैल झाली. पण घरापर्यंत गाडी, पुरेशी सुरक्षा, बायकांची वेगळी सोय हे सगळं उभं करण्यापेक्षा बायकांना दिवसपाळीत ठेवणं अनेक कारखान्यांना सोपं वाटत आलं. आता बघा काय होतं. रात्री दोन वाजता लाइन बंद पडते, तेव्हा जो हजर असतो तो ती चालू करायला शिकतो. प्लांट हेडचा फोन त्याला जातो, त्याचं नाव साहेबांच्या तोंडी बसतं, आणि पाच वर्षांनी त्यालाच आपण "लाइनची जाण" म्हणतो. ती जाण त्याने कष्टाने कमावली आहे, त्यात शंका नाही. मात्र ती कमावायची संधी दोघांना सारखी नव्हती, आणि गुणवत्तेची तुलना करताना हे कोणी मोजत नाही. राखीव जागा हा त्यावरचा ओबडधोबड उपाय आहे. मला तो आदर्श वाटत नाही, आवश्यक वाटतो.

तरीही त्या मित्राचं दुःख खोटं नाही. त्याच्याशी बोलायचं टाळू नका. मात्र माफी मागू नका आणि "मला नकोच होतं" असंही म्हणू नका, कारण ते खरं नाही. एवढंच सांगा, की तुझं राहिलं याचं मला वाईट वाटतंय. पुढच्या वेळचे निकष कंपनीने लेखी सांगावेत असं मीही म्हणणार आहे, तूही विचार. त्याची तक्रार कंपनीकडे आहे. निकष गुलदस्त्यात ठेवले की प्रत्येक बढतीभोवती कुजबुज होते, आणि ती कुजबुज नेहमी बाईच्याच वाट्याला येते.

राखीव जागेवर आलेल्या बाईला लोक कायम तसंच बघतात का, ही तुमची खरी भीती आहे. मुंबई महापालिकेचं एक उदाहरण माझ्या फार जवळचं आहे. १९९७ च्या निवडणुकीत काही प्रभाग बायकांसाठी राखीव होते, २००२ मध्ये ते खुले झाले. राज्यशास्त्राच्या एका अभ्यासकाने दोन्ही निवडणुकांचे निकाल ताडून पाहिले. आधी राखीव असलेल्या प्रभागांत, आरक्षण निघून गेल्यावरसुद्धा, बाई निवडून येण्याची शक्यता १९९७ मध्ये राखीव नसलेल्या प्रभागांच्या सुमारे पाचपट होती. कारण साधं होतं. राखीव जागेमुळे ज्या बायका राजकारणात आल्या, त्यांनी काम शिकून घेतलं. आणि बाई निवडून येऊ शकते हे पक्षांना दिसलं. सुरुवातीला त्या नगरसेविकांनाही लोक "राखीव" म्हणूनच ओळखत होते.

आता "खुर्ची रिकामी" या शब्दांकडे येऊ. ते तुम्हाला सगळ्यात जास्त लागले आहेत.

कायद्याने तुम्हाला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. मूळ कायदा १९६१ चा, त्यातले १२ आठवडे २०१७ च्या दुरुस्तीने २६ झाले, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहेत. २६ आठवडे म्हणजे अर्धं वर्ष. तुमच्या नोकरीची अजून पंचवीस वर्षं धरली, तर त्याचा पन्नासावा भाग. एखादा मॅनेजर चार महिने परदेशातल्या प्लांटवर जातो, तेव्हा त्याचं काम कोणाकडे द्यायचं हे ठरवलं जातं. त्याची खुर्ची रिकामी झाली असं कोणी म्हणत नाही. तुमच्या रजेची तारीख तर कंपनीला कित्येक महिने आधी कळलेली आहे.

तरी ते वाक्य बोललं जातं. त्याचं एक कारण पैशाचं आहे. आपल्याकडे या रजेचा पगार मालकाने भरायचा असतो. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या, कर्मचारी राज्य विम्यात येणाऱ्या बायकांचा भार विम्याच्या निधीवर पडतो. बाकीच्यांचा थेट कंपनीवर. म्हणून मुलाखतीला लग्न झालेली तिशीची मुलगी समोर आली, की पलीकडचा माणूस मनातल्या मनात सहा महिन्यांचा पगार मोजतो. हा पेच जुना आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलं होतं, की आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार बराचसा सरकारने उचलायला हवा. बायकांच्या श्रमातून मालकाला फायदा होतो, म्हणून त्यालाही त्यांनी पूर्ण मोकळं सोडलं नाही. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. भार वाटून घ्यायचा तो मुद्दा मात्र जवळजवळ शंभर वर्षं तसाच पडून आहे.

दुसरं कारण घरात आहे, आणि ते तुमच्या हातात आहे. मूल झालं की बाई सहा महिने गायब होते आणि पुरुष पुढच्या सोमवारी कामावर दिसतो, हे कंपन्यांना पाठ झालं आहे. त्यामुळे बाईला बढती देणं ही त्यांना जोखीम वाटते, पुरुषाला देणं वाटत नाही. हा हिशेब बदलायचा तर पुरुषही गायब व्हायला हवेत. तुमच्या मिस्टरांनी आठातले सात आठवडे सोडले, की त्यांच्या ऑफिसमधल्या एखाद्या तुमच्यासारखीचं वजन थोडं कमी होतं. तुमच्या प्लांटमधले बाप रजा घेत नाहीत, म्हणून तुमचं कमी होतं. या दोन कंपन्यांमध्ये फक्त तुमचं घर उभं आहे.

या बाबतीत नॉर्वेकडून मला फार शिकायला मिळालं. तिथे आई-बाबांमध्ये वाटून घेता येईल अशी पगारी रजा आधीपासून होती. कागदावर बापही ती घेऊ शकत होता. प्रत्यक्षात शंभरातले चार-पाच बापसुद्धा घेत नव्हते. १९९३ मध्ये त्यांनी त्यातले चार आठवडे फक्त बापासाठी बाजूला काढले. त्याने घेतले तर घेतले, नाही तर गेले. आईला देता येणार नाहीत. काही वर्षांतच शंभरातले सत्तरहून जास्त बाप ते घेऊ लागले. त्या रजेचं तिथलं नाव आहे "फेद्रेक्वोटे", म्हणजे बापाचा कोटा. तुम्हाला ज्या शब्दाची इतकी टोचणी लागली आहे, तोच शब्द तिथे बापाच्या रजेला लावतात.

त्याच देशाने दहा वर्षांनी, २००३ मध्ये, मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळात ४० टक्के बायका हव्यात असा कायदा केला. त्या कायद्याने आलेल्या संचालिका आधीच्यांपेक्षा कमी शिकलेल्या निघतील, ही भीती खोटी ठरली. पण त्याच कंपन्यांत खालच्या पायऱ्यांवर काम करणाऱ्या बायकांच्या पगारात किंवा बढत्यांत त्यामुळे फारसा फरक पडल्याचं अभ्यासकांना दिसलं नाही. आपल्याकडेही २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना निदान एक महिला संचालक नेमणं बंधनकारक केलं. ते चांगलंच आहे. चाकणच्या शॉपफ्लोअरवरच्या मुलीला त्याचा स्पर्श होत नाही. म्हणून मी दोन्ही कोट्यांच्या बाजूने आहे, आणि त्यातला एक निवडायची वेळ आली तर बापाचा निवडेन.

"टीममध्ये बरं दिसत नाही" हे मिस्टरांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. पहिला जो जातो त्याला लोक बघतात, हे खरंच आहे. पण नॉर्वेतल्याच एका अभ्यासात असं दिसलं, की बरोबरच्या सहकाऱ्याने ही रजा घेतली असेल तर ती घेणारे बाप शंभरात ११ ने वाढतात, सख्ख्या भावाने घेतली असेल तर १५ ने. वरच्या पदावरच्या माणसाने घेतली तर परिणाम आणखी मोठा होतो. तुमचे मिस्टर टीम लीड आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. त्यांच्या हाताखाली दोन-तीन पोरं नुकती लग्न झालेली असतील. ती काय बघताहेत, याचा त्यांनी एकदा विचार करावा.

आता "आई आणि सासूबाई दोघी आहेतच" याबद्दल. हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी म्हटलं आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत मायेची आहे. तेल-मालिश, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, आईजवळची झोप या सगळ्याची बाळंतिणीला गरज असते. पण त्या रीतीत बाप कुठे असतो? तो शनिवारी येतो, बाळाला दहा मिनिटं मांडीवर घेतो, "मान सांभाळा हं" असं चार बायकांकडून ऐकतो आणि रविवारी संध्याकाळी परत जातो. तीन महिन्यांनी बाळ घरी येतं तोवर आईला त्याचं रडणं ओळखता यायला लागलेलं असतं, बापाला काहीच येत नसतं. मग "त्याला जमत नाही" हे कायमचं ठरून जातं. त्या रात्रपाळीचीच गोष्ट घरात उलटी घडते: जो हजर असतो, तो शिकतो. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जात होता आणि पुरुषांचा ९७ मिनिटं. आणि मुळात असं काम करणारे पुरुष होते शंभरातले सव्वीस.

मी माझं सांगते. १९८८ साली मी एका बँकेत क्लार्क होते. अधिकारीपदाची परीक्षा पास झाले आणि पोस्टिंग आलं परभणीला. मुलगा दहा महिन्यांचा होता. आमचे हे पुण्यात सरकारी नोकरीत. माणूस अतिशय चांगला, कधी आवाज चढवला नाही. म्हणाले, "तुझा निर्णय तू घे, मी तुझ्या पाठीशी आहे." मी बढती नाकारली. शाखेतल्या साहेबांनी, दोन्हीकडच्या आयांनी, सगळ्यांनी मला शहाणी म्हटलं. पुन्हा परीक्षेला बसायची हिंमत व्हायला मला अकरा वर्षं लागली. ह्यांनी पाठीशी असण्याऐवजी दोन-तीन महिने माझ्या जागी उभं राहावं, हे त्या काळात आम्हा दोघांच्या स्वप्नातही आलं नाही. त्यांच्या खात्यावर रजा तर भरपूर होती. निवृत्तीच्या वेळी साठलेल्या रजेचे पैसे मिळाले आणि त्यातून आम्ही गच्चीवर पत्र्याची शेड घातली. पावसाळ्यात कपडे वाळत घालायला त्या शेडखाली जाते, तेव्हा अजूनही माझ्या मनात हिशेब सुरू होतो, की यातले साठ दिवस १९८८ साली वापरले असते तर. ह्यांना मी हे गेल्या वर्षी पहिल्यांदा बोलून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तेव्हा विचारलं का नाहीस?" खरंच, मी विचारलंच नव्हतं. तुमच्या पत्रातही मिस्टरांना विचारल्याचा उल्लेख नाही, ते काय करणार आहेत एवढंच आहे.

म्हणून विचारा. "मदत कराल का" असं विचारू नका, कारण मदत दुसऱ्याच्या कामात करतात. त्यांच्या रजेचं वेळापत्रक समोर घेऊन बसा. आधी त्यांना एचआरकडून दोन गोष्टी कळून घेऊ द्या: रजा किती तुकड्यांत घेता येते, आणि बाळाच्या जन्मापासून किती महिन्यांच्या आत घ्यावी लागते. समजा मुदत सहा महिन्यांची निघाली. तुम्ही बाळंतपणाच्या चार आठवडे आधी रजेवर गेलात (कायद्याने आठ आठवडे आधीपर्यंत जाता येतं), तर जन्मानंतर २२ आठवडे उरतात. सहा महिने म्हणजे २६ आठवडे. तुम्ही कामावर रुजू व्हाल त्या सोमवारपासून पुढचे चार आठवडे मिस्टर रजेवर. उरलेल्या चारांपैकी एक जन्माच्या वेळी कराडला आणि तीन तुम्ही मोशीला परत याल तेव्हा. मुदत वर्षभराची असेल तर आणखी मोकळीक मिळेल. आणि तब्येतीने किंवा डॉक्टरांनी वेगळं सांगितलं, तर हे सगळं बाजूला ठेवून त्यांचं ऐका.

यातले शेवटचे चार आठवडे सगळ्यात मोलाचे आहेत. तुम्ही घरी असताना त्यांनी रजा घेतली, तर ते तुमच्या हाताखालचे राहतील. तुम्ही चाकणला आणि ते बाळाबरोबर घरी, असं असेल तेव्हाच त्यांना कळेल की कोणतं रडणं भुकेचं आणि कोणतं झोपेचं. त्या महिन्यात आईला कराडला आणि सासूबाईंना त्यांच्या घरी जाऊ द्या. हे जड जाईल, मला माहीत आहे. दुधाचं आधीपासून ठरवावं लागेल. काढून ठेवलेलं दूध पाजायची सवय बाळाला आणि बापाला दोघांनाही आधी पंधरा-वीस दिवस लावा. पहिल्या आठवड्यात दिवसातून दहा फोन येतील. सगळे उचलू नका.

माहेरचा मुक्काम सव्वा महिन्याचा ठेवता आला तर बघा. किंवा आईच मोशीला येतील का, हे विचारा. रीत मोडा असं मी म्हणत नाही. बाप त्या रीतीच्या आत कसा येईल, एवढंच बघायचं आहे. सासूबाईंशी मिस्टरांनी स्वतः बोलावं, तुम्ही नव्हे. तुम्ही बोललात तर ती सुनेची मागणी होते. आणि बोलताना त्यांनी आईला एक विचारावं: मी लहान होतो तेव्हा रात्री कोण उठायचं? बऱ्याच सासवांकडे यावर सांगण्यासारखं खूप असतं, त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

आता तुमच्या कंपनीबद्दल. बढती मिळू द्या, पण रजेवरून आल्यावरच्या तारखेपासून, असा मधला मार्गही तुम्ही लिहिला आहे. तो घेऊ नका. पगारवाढ आणि सीनियॉरिटी दोन्ही त्या तारखेपासून मोजली जाईल आणि पुढे प्रत्येक वेळी तुम्ही एक वर्ष मागे राहाल. बढती आत्ताच्या तारखेने स्वीकारा आणि एचआरला व साहेबांना एकच मेल लिहा. त्यात विचारा, की रजेच्या काळात प्रभारी काम कोणाकडे राहील आणि मी परतल्यावर ते माझ्याकडेच येईल हे लेखी द्याल का. पुढचं अप्रेझल मी प्रत्यक्ष काम केलेल्या महिन्यांवरच होईल ना. बढतीचे निकष विभागात सगळ्यांना कळवाल का. प्रभारी म्हणून त्याच सहकाऱ्याचं नाव तुम्ही सुचवू शकता. त्याला अनुभव मिळेल, तुमच्या टीमला माहितीचा माणूस मिळेल, आणि तुमच्या दोघांमधला अवघडलेपणा कमी व्हायला त्याने कदाचित मदत होईल. प्रसूती रजेवर असताना बाईला काढून टाकणं किंवा तिच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करणं बेकायदा आहे. मेलमध्ये हे लिहायची गरज नाही, तुम्हाला ठाऊक असू द्या.

पाळणाघराचंही आत्ताच विचारा. ५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोन वेळा वेगळी सुट्टी असते. अनेक ठिकाणी हे कोणी मागितलं नाही म्हणून झालेलं नसतं. तुम्ही आता मॅनेजर आहात. तुमच्या मागण्याने लाइनवरच्या कंत्राटी मुलींचीही सोय होईल, आणि त्यांना मागणं तुमच्यापेक्षा फार अवघड असतं. त्यांच्यापैकी कोणाचं कंत्राट बाळंतपणाच्या मध्येच संपत असेल तर सांगा, की तेवढ्यावरून लाभ नाकारता येत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केलं आहे.

असाच प्रश्न असलेल्या इतरांसाठी थोडं. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना दोन अपत्यांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येते. घेत चला. खासगी नोकरीत अशी रजा कायद्याने नाही, कंपनी देईल ती खरी. जिथे काहीच नाही, तिथल्या बापांनी हक्काची रजा गणपतीला आणि गावच्या जत्रेला वाटून टाकण्याआधी त्या वर्षी पंधरा दिवस बाजूला काढावेत, तेही बायको कामावर जाईल तेव्हासाठी. दुकान किंवा शेती असलेल्यांना रजा नावाची गोष्टच नसते. पण रोज सकाळचे ठरलेले दोन तास बाळ बापाकडे, एवढं तिथेही ठरवता येतं.

कँटीनमध्ये ते वाक्य पुन्हा कानावर येईल. तेव्हा उत्तर द्यावंसं वाटलं तर एवढंच सांगा, की मी अमुक तारखेला परत येणार आहे आणि त्या दिवसापासून माझे मिस्टर रजेवर आहेत.

एचआरचा मेल या आठवड्यात पाठवा. मिस्टरांशी मात्र आजच बोला, आणि त्यांच्या रजेचा अर्ज मंजूर झाला की मला कळवा.